मल्लम्माची वाट

सत्यभामाबाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं होऊन गेली, तरी लोहाऱ्यात लहानथोर सगळे त्यांना अजून 'बाई'च म्हणतात. मुलगी लग्न होऊन पुण्याला, नवरा रामकिसन एसटीच्या नोकरीतून सुटून घरी. दिवसभर करायचं काय, म्हणून लोकअदालत भरली की बाई पॅनलवर जाऊन बसायच्या. एक न्यायाधीश, एक वकील आणि तिसरं माणूस समाजातलं. ते तिसरं माणूस म्हणजे बाई. बांधाची भांडणं, सामाईक भिंती, ठरवून अर्धवट सोडलेली बांधकामं, असली प्रकरणं समोर यायची. बाई दोघांना जवळ बसवायच्या, घरची चौकशी करायच्या, चुचकारायच्या, वेळेला दटावायच्या. बहुतेकदा तासाभरात सह्या होऊन जायच्या. लोकअदालतीत मिटलं की मिटलं, त्यावर अपील नाही. बाईंच्या हातानं प्रकरण मिटतंच, असं वकीलमंडळी म्हणायची आणि बाईंना ते ऐकायला आवडायचं.

त्या मार्चमध्ये मल्लम्माचं प्रकरण आलं. सीमेजवळच्या तिच्या गावात बाईंनी अकरा वर्षं शिकवलं होतं. गावात घरोघरी कन्नड. मल्लम्माची मुलगी शिवरंजनी बाईंच्याच हाताखाली शिकून पुढं आळंदला नांदायला गेली. आता घरात मल्लम्मा आणि अंथरुणाला खिळलेला तिचा नवरा वीरप्पा, दोघंच. त्यांचं घर मागं, पुढं राजशेखरची मोकळी जागा. त्या जागेतनं येण्याजाण्याची वाट वीरप्पाच्या बापाच्या काळापासूनची. राजशेखरला तिथं दुकानाचे गाळे काढायचे होते. त्यानं तार ओढली आणि मल्लम्मा कोर्टात गेली.

राजशेखरनं नकाशा आणला होता. मल्लम्माच्या घरामागं ओढ्याच्या कडेनं दहा फुटांची वाट त्यात दाखवली होती. तो म्हणाला, "मागची वाट मी मुरूम टाकून देतो. पुढची त्यांनी सोडावी." वकिलांनी मान डोलावली. न्यायाधीशांपुढं अजून बरीच प्रकरणं पडली होती. बाईंनी मल्लम्माचा हात हातात घेतला.

"मल्लम्मा, रोज उठून शेजाऱ्याशी कशाला भांडायचं? वाट पायजे ना तुम्हाला? ती मिळतीय. घरात दुखणाईत माणूस, कोर्टाचे खेटे कोण घालणार?"

मल्लम्मा बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नम्म दारी होगतद, बाई?"

आमची वाट हातची जाते का, बाई? असं ती विचारत होती. अकरा वर्षं त्या गावात काढलेल्या बाईंना एवढं कन्नड नक्कीच कळत होतं. पण जेवायची वेळ झाली होती, पुढची माणसं दाराशी ताटकळली होती, आणि हे प्रकरणही आपल्या हातानं मिटायला आलं होतं.

"सगळं नीट होईल," बाई म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास हाय ना?"

"तुमी म्हंताय मंजी बराबरच असंल," मल्लम्मा म्हणाली आणि तिनं अंगठा पुढं केला.

दिवाळीनंतर वीरप्पा गेला. शिवरंजनीचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. बाई जीपनं गावात पोचल्या. राजशेखरचे गाळे उभे राहिले होते, बाजूला लोखंडी फाटक होतं. बाई सरळ आत शिरणार, तेवढ्यात एक म्हातारा म्हणाला, "तिकडनं न्हाय बाई, मागनं जा. ती वाट बंद हाय."

बाई वळसा घालून ओढ्याकडं गेल्या. नकाशातली दहा फुटांची वाट बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मुरूम टाकलेला होता, पावसानं बराचसा ओढ्यात गेला होता. एका बाजूला वेड्या बाभळी, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी गोठ्याची भिंत. घराजवळ तर दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीही जागा नव्हती. बाई पदर सावरत, भिंतीला हात लावत गेल्या. मल्लम्मा घागर घेऊन रोज इथनं जात असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून नेतात. बांबूचं, केळीच्या खुंटांचं, फुलांनी सजवलेलं विमान करतात. वीरप्पाचं विमान तयार होतं, पण ते ओढ्याजवळच्या मोकळ्या जागेत ठेवलेलं. आत आणायला वाटच नव्हती.

राजशेखरनं फाटक उघडलं आणि तो अंगणात येऊन उभा राहिला. "काकू, इकडनं न्या. मी काय आडवा येतोय का? एवढा वाईट समजू नका मला."

मल्लम्मानं डोळे पुसले. "न्हाय बाबा. कोर्टाचा कागद झालाय. बाईंनी समजावून सांगितलं, म्या अंगठा दिला. दिलेला अंगठा कसा मोडू?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच तसं मानत होती. अंगणातल्या माणसांनी एकदा बाईंकडं पाहिलं आणि नजरा खाली घातल्या. बाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता बोलावं, मल्लम्मा, तो कागद चुकलाय, चूक माझी हाय. पण तोंड उघडलं नाही. एवढ्या लोकांत आपलं नाव खाली जाईल, हा विचार त्या घडीलाही त्यांच्या मनात आला, आणि त्याचीच पुढं त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

वीरप्पाला खुर्चीवर बसवून बांधलं आणि चौघांऐवजी दोघांनीच, एकानं पुढनं, एकानं मागनं, आडवं होत त्या बोळातनं काढलं. वीरप्पाचे गुडघे भिंतीला घासत होते. अंगावरची शाल बाभळीच्या काट्यात अडकली. शिवरंजनीनं ती सोडवायला हात घातला आणि तिला हुंदका आवरला नाही. बाई सगळ्यांच्या मागं चालत होत्या.

घरी आल्यावर बाईंनी ताट बाजूला सारलं. रामकिसननी सगळं ऐकून घेतलं. "तू काय एकटी होतीस का? न्यायाधीश होते, वकील होते. तिचा स्वतःचा वकील काय करत होता?"

"त्यांना कन्नड येत न्हाय," बाई म्हणाल्या. "मला येतं."

आठवडा त्यांनी तसाच काढला. मग एक दिवस सकाळीच निघाल्या. मल्लम्मा दारात ज्वारी निवडत बसली होती. शिवरंजनी अजून माहेरीच होती. बाई पायरीवर टेकल्या. इकडचं तिकडचं बोलणं त्यांना जमेना.

"मल्लम्मा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं. नम्म दारी होगतद, म्हणून. मला ऐकू आलं होतं. कळलंही होतं. तरी मी उत्तर दिलं न्हाय."

मल्लम्माचा सुपातला हात थांबला.

"मला वाटलं, तुमास्नी कन्नड इसारलं," ती म्हणाली. "ह्यास्नी बी म्या तसंच सांगितलं व्हतं. ते लई चिडलं व्हतं. म्या म्हनलं, बाईंचा दोष न्हाय, त्यांस्नी कळलंच न्हाय."

एवढं बोलून तिनं पुन्हा ज्वारी निवडायला घेतली. नवरा जिवंत असताना ती त्याच्याशी बाईंची बाजू घेऊन भांडली होती. बाईंना त्या पायरीवरून उठता येईना. मल्लम्मानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं शिवरंजनीला चहा टाकायला सांगितलं.

चहा कसाबसा घेऊन बाई राजशेखरच्या दुकानात गेल्या. गिऱ्हाईकं होती. बाईंनी त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं: मागची वाट न बघताच तडजोड केली, आणि मल्लम्मानं विचारलेलं कानाआड केलं.

राजशेखर अस्वस्थ झाला. "बाई, आता तुमी कुणाच्या बाजूनं बोलताय? निकाल लागलाय. कायद्यानं मी मोकळा हाय."

"हायस. म्हणूनच तुझ्याकडं आले. कायदा तुला काही करायला लावणार न्हाय. तू आपणहून वाट लिहून दिलीस तरच होईल."

त्यानं गिऱ्हाईकांना वाटेला लावलं. मग खुर्चीत बसून म्हणाला, "त्या दिवसापासनं आमची आई माझ्याशी बोलत न्हाय. पण आता गाळे झाले. पाडू का?"

गाळे पाडायचे नव्हते. फाटकाच्या आत, भिंतीला लागून पाच फूट जागा उरत होती. ती तोंडी द्यायला तो लगेच तयार झाला, लिहून द्यायला नाही. बाई आणखी तीनदा गेल्या. एकदा त्यानं तासभर बाहेर बसवून ठेवलं, बाई बसल्या. चौथ्या खेपेला तो नोंदणी करून द्यायला राजी झाला. पूर्वीची वाट बैलगाडी जाईल एवढी होती. तेवढी काही परत आली नाही.

नोंदणीच्या दिवशी मल्लम्मा मुलीला घेऊन आली. लिहिणाऱ्यानं कागद पुढं केला. बाई सवयीनं पुढं सरकल्या, "मी सांगते वाचून." मल्लम्मानं कागद शिवरंजनीच्या हातात दिला. शिवरंजनीनं एकेक ओळ कन्नडमधून सांगितली. मल्लम्मानं काही ठिकाणी परत विचारलं, एका ठिकाणी तीनदा. लिहिणारा कंटाळला, घड्याळाकडं बघायला लागला. ती घाई करीना. सगळं पटल्यावर तिनं अंगठा उमटवला. बाई बाकावर बसून होत्या. सगळा वेळ मल्लम्मानं एकदाही त्यांच्याकडं पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर शिवरंजनी पाया पडली. बाईंनी तिला अर्ध्यातच धरलं. "येते बाई," म्हणून मल्लम्मा मुलीच्या खांद्याला धरून जीपकडं गेली. ती जीप लोहाऱ्यावरनंच जाणार होती, बाईंनाही तिनंच घरी जायचं होतं, पण त्या पुढच्या जीपला थांबल्या.

लोकअदालतीचा पुढचा निरोप आला तेव्हा बाईंनी घडलेलं सगळं आणि म्हणून आता पॅनलवर बसणार नाही, असं एका कागदावर लिहून कचेरीत नेऊन दिलं. कारकुनानं वाचून कागद परत केला. "असं कुणी लिहून देतं का बाई? तब्येत बरी नसते, एवढंच लिहा की."

"तब्येत चांगली हाय माझी," बाई म्हणाल्या आणि तोच कागद पुन्हा त्याच्या टेबलावर ठेवून बाहेर पडल्या.