पेढ्यावरचा आळ

अन्याय माझ्या आत्यावर झाला. दोन हजार चार सालच्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास, हायवेलगतच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत. आधी एवढं सांगून टाकते, कारण पत्रकं लिहून लिहून हात तसाच वळलाय. कोणावर, कुठे, केव्हा हे पहिल्या ओळीत. शिव्या नंतर.

त्या काळात मी पाण्याच्या आंदोलनात होते. माणिकपूरच्या आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे आणि पलंगावर वडिलांचे सुस्कारे, असा संसार चालला होता. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. राहायची समुद्राकडच्या गावात, वाडीवर. केळी, पानवेली, सोनचाफा. तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, एव्हरशाईन वसाहतीत फ्लॅट घेऊन राहिलेला, आणि त्या दसऱ्याला त्याने घराण्यातली पहिली कोरी गाडी आणली. आत कंपनीनेच बसवलेला स्टिरिओ, रेडिओ आणि कॅसेट दोन्ही. दादाला इंजिनापेक्षा त्याचंच कौतुक जास्त. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला दार उघडून तो ऐकवत होता, जणू स्वतःच गातोय.

पूजा आत्याने केली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, वायपरला झेंडूची माळ. देवाला नसेल इतका थाट त्या पत्र्याला. मग पेढे वाटले. नवीन माणूस घरात आला की त्याचं तोंड गोड करायचं, ही आमच्याकडची रीत. आत्या आत वाकली, तिला स्टिरिओची कॅसेट घालायची फट दिसली, आणि तिने अर्धा पेढा त्या फटीत भरवला. मी तिथेच होते. तिने तो अगदी मायेने, अंगठ्याने आत सरकवला. गाडीला दुसरं तोंड कुठे असतं, तुम्हीच सांगा.

कोणी तिला अडवलं नाही. वहिनी तर हसली.

रविवारी स्टिरिओ बंद पडला. सोमवारी आत्याला गावी सोडायचं होतं, म्हणून तिला मागच्या सीटवर बसवून दादा आधी सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या टायवाल्या साहेबाने फटीत बॅटरी मारली, पेढा पाहिला आणि आत बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की आंटीने गाडीला जेवण घातलंय, आता वॉरंटी विसरा, पूर्ण सेट बदलावा लागेल. लोक खो खो हसले. तिथवर मी समजू शकते, हसणारे परके होते. पण दादा त्यांच्यात सामील झाला. तो आईला म्हणाला, "तू यापुढे गाडीला हात लावू नकोस."

आत्या उठली, पिशवी घेतली, रिक्षा केली आणि तडक आमच्याकडे आली.

तिने रडारड केली नाही. पाणी प्यायली, केळ्याची फणी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाली, "बाय, पेढा मी घातला, ते खरं. पन एवढी मोठी गाडी अर्ध्या पेढ्याने मरते काय?"

वडील म्हणाले, जाऊ दे, मुलगा आहे. हे आमच्या घरातलं अधिकृत धोरण. मुलगा आहे म्हणून जाऊ दे, नगरपालिका आहे म्हणून जाऊ दे. आत्या म्हणाली, भाऊबीजेला येईन, पण एसटीने येईन. त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि तिचा शब्द म्हणजे वाडीचं कुंपण, एकदा घातलं की घातलं. दुपारच्या एसटीने ती गावी गेली.

संध्याकाळी मी एव्हरशाईनला धडकले. दादा दारातच म्हणाला, "आलीस का मोर्चा घेऊन?" मी म्हटलं, मोर्चा मागाहून, आधी चावी दे.

आता माझी लायकी सांगते. गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली ओरडत मी वर्षं काढलीत, आणि तो भोंगा ऐन सभेच्या तोंडावर मरतो, हा जगाचा नियम आहे. मेला की नवशिके माइक आपटतात. जुने आधी बघतात, वीज पोचतेय का.

चावी फिरवली. स्टिरिओचा दिवा लागला नाही. आकडे नाहीत, घड्याळ नाही, काही नाही. मी दादाला विचारलं की पेढा अडकला तर कॅसेट अडेल, पण रेडिओने का मरावं? दिव्याने का मरावं? रेडिओ काही कॅसेटच्या तोंडाने जेवत नाही. दादा म्हणाला, शॉर्ट झालं असेल, साहेब सांगत होता. टाय बघितला की आमच्या दादाचा विवेक सुट्टीवर जातो.

मग मी शेजारचा सिगारेट लायटर दाबून पाहिला. तोही थंडगार.

"यालापण आत्याने पेढा भरवला का?" मी विचारलं.

वहिनी खिडकीतून पाहत होती, ती खाली आली. स्टिअरिंगच्या खाली फ्यूजची डबी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रं काढलेली, आणि रेडिओचं चित्र न् लायटरचं चित्र एकाच फ्यूजसमोर. म्हणजे दोघांचं पाणी एकाच नळाचं. हे मला लगेच पटलं, आमच्या चाळीत तेच आहे. वहिनीने भुवया कोरायचा चिमटा आणून दिला. फ्यूज उपटून उजेडात धरला, तर आतली तार जळून तुटलेली.

आता ही तार कोणी जाळली? वहिनीने शांतपणे विचारलं, "अहो, काल तुम्ही तो हवा भरायचा पंप कशाला लावला होता?"

तर झालं होतं असं. रविवारी आमच्या दादाला कोऱ्या गाडीच्या कोऱ्या टायरमध्ये हवा कमी वाटली. फूटपाथवरून आणलेला पंप त्याने लायटरमध्ये खुपसला, पंप घरघरला आणि मेला. त्याला वाटलं पंपच भिकार. भिकार होताच, पण जाता जाता फ्यूज घेऊन गेला. आणि त्या साहेबाने ती डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. म्हातारी बाई सापडली की बाकी तपास बंद, ही पोलीस चौकीपासून सर्व्हिस सेंटरपर्यंत सगळ्यांची पद्धत.

कोपऱ्यावरच्या दुकानातून तेवढ्याच ताकदीचा फ्यूज आणून बसवला. दिवा लागला, रेडिओवर कोणीतरी केसांच्या तेलाची थोरवी सांगू लागलं. पेढा मी चिमट्याने काढला, अर्धं काम मुंग्यांनी केलंच होतं. स्पिरिटचा बोळा फिरवला, कॅसेट घातली, वाजली. पेढ्याने कॅसेट नक्कीच अडवली असती, हे मी नाकारत नाही. पण तो गुन्हा वेगळा, आणि आरोप वेगळा होता.

दादा म्हणाला, चल, झालं ना चालू, आता कशाला विषय. मी म्हटलं, चार लोकांत बोललास, तर चार लोकांतच परत घे.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली आणि आम्ही गावी गेलो. आत्या वाडीत पानं खुडत होती. दादा बांधावरून म्हणाला, स्टिरिओ सुरू झाला. ती बरं म्हणाली आणि खुडत राहिली. चल, फिरवून आणतो, म्हणाला. ती म्हणाली, एसटी आहे. शेजारच्या वाडीतल्या दोघी कामं सोडून उभ्या होत्या. त्यांना चुकवायला त्याने इकडे तिकडे पाहिलं, जागा नव्हती. मग एकदाचं बोलला. "आई, तुझ्या पेढ्याने नाही झालं. मीच पंप लावून फ्यूज जाळला. तुला उगाच बोललो."

आत्याने हात पुसले. "आणि तो बॅटरीवाला? त्याला कोन सांगनार?"

मग ती गाडीत बसली. पुढे. मी मागे.

सर्व्हिस सेंटरमध्ये दादाने जळका फ्यूज काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. साहेब कॉम्प्युटरमध्ये बघत पुटपुटला, "ठीक है ना आंटी, चल गया ना." आत्या हलली नाही. म्हणाली, "हसलात तेव्हा मोठ्याने हसलात. आता बोला पन मोठ्याने."

बसलेली माणसं बघत होती. साहेबाने टाय सारखा केला. मग उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला की चूक आंटीची नव्हती, तपासणी आम्हीच केली नव्हती. आत्याने मान डोलावली आणि दादाला म्हणाली, चल, उशीर होतोय, पानं सुकतील.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या घरातही काहीतरी बंद पडलं असेल. मिक्सर, टीव्ही, मुलाचं लग्न. आणि तुम्ही न तपासता घरातल्या कोणा बाईचं नाव घेऊन मोकळे झाला असाल. हे वाचून मान हलवू नका. उठा, तिच्यासमोर जा, आणि जितक्या लोकांत बोलला होतात तितक्यांना गोळा करून, तेवढ्याच मोठ्या आवाजात तुमचा शब्द परत घ्या. आज.