रांगेतून गेलेली हद्द

वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली दीपिका कासारे चिडली की आवाज चढवत नाही, उतरवते. त्या दिवशी लोअर परळच्या ऑफिसात ती इतकी हळू बोलत होती की शेजारच्या टेबलावरचा कॉलिन काम थांबवून बघायलाच लागला.

तिचं काम मोबाइल टॉवरांचे गट पाडण्याचं. जवळजवळचे टॉवर नकाशावर एका रंगात घालायचे, की झाला एक विभाग. फोन एका विभागातून दुसऱ्यात गेला की त्याला आधी हजेरी लावावी लागते. ती लागेपर्यंत त्याच्यावर येणारा कॉल वाऱ्यावर, आणि हद्दीवरच उभा असलेला फोन तर सारखा इकडून तिकडे जात राहतो. म्हणून हद्द न्यायची ती माणसं उभी नसतात अशा जागेवरून. आणि जुन्या, बटणांच्या फोनांची हद्द गेली होती नेमकी शिवाजी पार्कावरून. सहा डिसेंबरला चैत्यभूमीची रांग तासन्‌तास उभी असते, तिथूनच.

गेल्या वर्षी सांगोल्याहून आलेले तिचे शामरावमामा या रांगेत मामीपासून चुकले. मामी फोन लावत राहिली आणि तिकडून एकच बाई ऐकवत राहिली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. दुसऱ्या दिवशी मामा सापडले ते प्रभादेवीला, एका दुकानाच्या पायरीवर, तापाने फणफणलेले. यंदाही ते येणार होते. तोच फोन घेऊन.

ही हद्द दाखवायला तिने हर्षवर्धनसाहेबांना गाठलं, तर त्यांच्या नकाशात ती नव्हतीच. जुन्या फोनांचा थर त्यांनी बंद करून ठेवलेला. नकाशा कसा स्वच्छ दिसतो, म्हणाले. आणि दोन दिवसांसाठी गट कशाला मोडायचे?

दीपिकाने माउस मागितला नाही, घेतला. थर चालू केला. लाल, निळा आणि मधून रेघ.

"थर्टी फर्स्टला वरळीच्या हॉटेलांसाठी आपण गट मोडतो, सर. तो तर एकच दिवस असतो."

साहेब हसायला गेले, पण हसू विंगेतच अडकलं. "ती गर्दी वेगळी असते गं," ते बोलून गेले.

"कशी वेगळी? सांगा ना. या रांगेत माझी आई असते, मी असते."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग मऊ आवाजात धमकी आली: कर, पण तुझ्या नावावर; काही कोसळलं तर जबाबदार तू. दीपिकाने दोन्हीकडचे टॉवर निवडले, एका गटात घातले आणि हद्द माहीमच्या खाडीवर नेऊन टाकली, बगळ्यांच्या हवाली. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

"माझंपण टाक," कॉलिन म्हणाला. "बुडलो तर दोघं बुडू."

सहा तारखेला मामांचा फोन भर रांगेत वाजला. आगं, हितंच हाय मी, असं ते अख्ख्या पार्काला ऐकवत होते. आई, राधाबाई, लेकीला म्हणाली, आता तरी शांत हो बाई.

"का होऊ? हे मागावं का लागलं?"

सात तारखेला साहेबांचा निरोप आला: हद्द जुन्या जागी न्यावी. दीपिकाने उलट कळवलं की न्यायची तर तुम्ही तुमच्या नावावर न्या.

हद्द अजून खाडीवरच आहे.