भाटी उतरेपर्यंत जेवण नाही

बेळगावात आमची मेस आहे. कॉलेजची पोरं आणि बँकेतले काही एकटे जीव, दोन्ही वेळचं जेवण. लोकांना वाटतं, रांधणाऱ्या बाईची चंगळ असते. खरं सांगू? फोडणीचा वास घेऊन घेऊन पोटच मरतं. गेल्या दिवाळीपासून मला भूक म्हणून लागलेली नव्हती. सगळ्यांचं आटोपलं की ओट्याशी उभ्यानं दोन घास ढकलायचे, औषध घेतल्यासारखे. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. "थोडी विश्रांती घ्या," डॉक्टर म्हणाले. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा!

एप्रिलअखेर परीक्षा संपल्या, पोरं गावी गेली, तशी मी ह्यांना म्हटलं, "मला कुठेतरी नेऊन जेवायला घाला. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं, गरम, बसून. बघू भूक लागते का." तेवढ्यासाठी आम्ही गोव्यात गेलो. समुद्र पाहिला नाही, चर्च पाहिलं नाही. तसली माहिती हवी असेल तर हा ब्लॉग तुमच्या कामाचा नाही.

चोर्ला घाटानं गेलो. रस्ता कुठे झकास, कुठे हाडं खिळखिळी करणारा. निघण्याआधी चौकशी करा. साखळीला पातळभाजी आणि पाव छान मिळतो म्हणे. ह्यांनी दोन प्लेटी संपवल्या, मी पाव कुस्करत बसले. डिचोलीत साधा लॉज घेतला. चादरी स्वच्छ होत्या, पंखा कुरकुरत होता. मी आडवी झाले ती संध्याकाळी उठले, जेवणाला नको म्हटलं आणि परत झोपले. पहिला दिवस असा गेला. लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्यानं सांगितलेल्या जागी निघालो. डिचोलीहून दोडामार्गच्या रस्त्याला लागायचं आणि काजूच्या डोंगराकडे आत वळायचं. पाटी नाही. कुजक्या बोंडांचा आंबूस वास आला की समजायचं, पोचलो. माडाच्या झावळ्यांचा मांडव, दोन बाकडी, आणि मध्ये मातीच्या चुलाण्यावर तांब्याचं मोठं भाण. त्यात काजूच्या बोंडांचा रस उकळतो, वाफ नळीतून थंड होऊन थेंबाथेंबानं खाली येते, ती हुर्राक. हीच इथली दारूची भाटी आणि हेच हॉटेल. हंगाम संपला की दोन्ही बंद.

मालकीण शेवंतीवैनी, माझ्याच वयाची. माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळे बोली मालवणी.

"खयसून इलात? बेळगावसून? बसा. जेवान गावतला, पण भाटी उतारल्याबिगर मी निखारो भायर काढूचंय नाय."

म्हणजे भात, आमटी वेगळ्या चुलीवर तयार, पण बांगडे भाजायचे ते भाटीखालच्याच निखाऱ्यांवर. आणि सगळी हुर्राक निघून भाण उतरेपर्यंत त्या आगीला हात लावायचा नाही. किती वेळ लागेल, विचारलं तर वैनी भाणाकडे बघून म्हणाली, "तेका इचारा!" घाईत असाल तर इथे येऊच नका.

ह्यांनी कोकम सरबत घेतलं. (हुर्राक प्यायची असेल तर गाडी चालवायला दुसरं माणूस आणा.) मी आगीकडे बघत बसले. बसले कसली! आग मरगळलेली, वर एवढं मोठं भांडं, आणि गिऱ्हाईक ताटकळलेलं. वैनी मागे विहिरीवर बांगडे साफ करत होती. हातांना काय सवय लागलेली असते बघा. मी उठले आणि दोन जाड लाकडं आत सारली.

"अगं, तुझी मेस आहे का ही?" असं हे मला म्हणेपर्यंत ज्वाळा भाणाला भिडल्या. नळी खदखदली आणि स्वच्छ थेंबांच्या जागी पिवळा, फेसाळ रसच भकाभका बाहेर आला.

वैनी माशाच्या हातांनीच धावली. लाकडं ओढून काढली, राख टाकली. "कोणी सारल्यान लाकडां?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गो बाय, ह्यो काय आमटीचो टोप नाय! हय आग दमान रवाक व्हयी. आता ह्या सगळा परत भाणात घालूचा लागतला." 'तुम्ही'वरून ती 'तू'वर आली होती. मग तिनं मला दंडाला धरून टोकाच्या बाकड्यावर नेलं. "थय बस. तोंड डोंगराकडे कर. आगीक बघीत रवलंस तर हात वळवळतले."

तर मी डोंगराकडे तोंड करून बसले. मागे काय शिजतंय, काय करपतंय, ते माझ्याकडे नव्हतं. आधी रडू आलं. मग डुलकी लागली. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, आणि पोटात कालवाकालव होत होती. आधी वाटलं, पित्त. मग कळलं, ही भूक. लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी, रागीट भूक.

बांगडे, भात, ओल्या काजूबियांची उसळ, सोलकढी. दोघांचं मिळून हजाराच्या आत. झालेल्या नुकसानीचे पैसे ह्यांनी देऊ केले, वैनीनं घेतले नाहीत. मी बोटं चाटून जेवले, वैनी वाढत राहिली आणि मी नको म्हटलं नाही.

घरी आल्यावर आठवडाभर भूक लागली. मला वाटलं, जिंकले. जूनमध्ये मेस सुरू झाली आणि भूक पुन्हा गेली, जशी काही कधी आलीच नव्हती. तेव्हा मात्र मला कळलं की दुखणं पोटात नाही. ह्यांना सांगितलं, "रात्रीची मेस बंद. पोरांना महिनाअखेरपर्यंत सांगून ठेवा."

हे म्हणाले, "आणि रात्री आपण काय खायचं?"

"तुम्ही कराल ते."

जुलैच्या पहिल्या रात्री ह्यांनी खिचडी केली. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. करपल्याचा वास आला तरी उठले नाही. ताट समोर आलं. मीठ विसरलेलं, खाली लागलेली. मी दोनदा मागून घेतली.