घरच्या माणसाला बिल मागावं का?

पोरी, ये अशी जवळ. येता येत नसेल तर हा कागद तरी डोळ्यांजवळ धर. दिवाळीला येते म्हणालीस, होळी होऊन गेली. असं वागतात का गं? बरं, राहू दे. आज तुला शेजारच्या कंडक्टरभाऊंचं सांगायचं आहे.

तू पाहिलं आहेस त्यांना. भाऊ दार कधीच एकदा वाजवत नसत. टक टक, दोनदा. एसटी सोडताना दुहेरी घंटी द्यायची हाताला लागलेली सवय. आर्वी डेपोतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, हात तसाच. दार उघडलं की म्हणायचे, "वहिनी, चहा आहे का गाडी फुल झाली?" बायको गेल्यापासून दुपारचा चहा आमच्याकडेच.

नियमाचे पक्के. सख्ख्या मेव्हणीचंही तिकीट फाडलं. ती कितीतरी दिवस रुसून होती. "रुसन तं रुसन. कागद असला पायजे, वहिनी."

हाच माणूस मधुमेहाच्या गोळ्या मात्र बिलाशिवाय आणायचा. मेडिकलवाला जुन्या ओळखीचा. "घरच्या माणसाले बिल मागाव का? बरं दिसते का ते?" मलाही ते बरोबरच वाटायचं. ओळखीच्या दुकानात बिल मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा तिथेच, दुकानातल्या तारेला खोचलेली.

मग गावातल्या डॉक्टरांनी गोळी बदलली, जोरदार दिली. किडनी कमजोर असल्याचा रिपोर्ट भाऊंच्या पिशवीतच होता. डॉक्टरांनी मागितला नाही, यांनी दाखवला नाही. "त्यायनं मागतलाच नाई तं मी काऊन दाखवू?" दहाव्या दिवशी सकाळी बसस्टँडवर पेपर वाचता वाचता कोसळले. साखर पार खाली गेली होती. वर्ध्याच्या दवाखान्यात तीन दिवस शुद्ध नव्हती.

जीव वाचला, पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. आर्वी-वर्धा रस्त्यावरचे थांबे झोपेतही म्हणणारे भाऊ खरांगण्यापाशी अडकायचे. "खरांगणा... खरांगणा..." म्हणत माझ्याकडे पाहायचे. मी हळूच पुढचा थांबा सांगायची, "आंजी." मग गाडी पुढे जायची.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडनी अशी असताना ही गोळी द्यायला नको होती. पण सांगितलं ते तोंडी.

मीच भाऊंना एका वकीलबाईंकडे नेलं. चांगली बाई. तिनं समजावलं, की ग्राहक आयोगात दावा लावता येतो, पण दोन वर्षांच्या आत. डॉक्टरची तक्रार वैद्यक परिषदेकडे करता येते, बिलाशिवाय गोळ्या विकल्या म्हणून दुकानाची औषध निरीक्षकाकडे. "पण काका, चिठ्ठी कुठे आहे? बिल? आणि गोळीनंच झालं असं एखाद्या डॉक्टरचं लेखी मत लागेल."

भाऊ हसले. "बाई, म्हंजे मी विनातिकीट निघालो."

दुसऱ्या दिवशी आम्ही मेडिकलवर गेलो. दुकानदारानं मान वर केली नाही. "भाऊ, त्या गोळ्या तुमी माह्याकून नेल्याच नाई. दुसरीकून नेल्या असान." तारेवर एकही चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, आता भाऊ त्याला सोडत नाहीत. ते नुसतं "असन बाप्पा" म्हणाले आणि पायरी उतरले.

मी रस्त्यातच चिडले, "काऊन गप्प बसले तुमी?"

"वहिनी, मलेच आता पक्कं आठवत नाई. तो खरा असला तं?"

त्यानंतर चार डॉक्टरांचे उंबरे झिजवले. बोलले सगळे, लिहून कोणी दिलं नाही. वकीलबाई म्हणाली, तरीही लावू दावा. काकांनी स्वतः सगळं नीट सांगितलं पाहिजे. ती कागद घेऊन बसली. "काका, नवी गोळी कधीपासून घेतली?"

भाऊ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, आपण कोनावर केस करून राह्यलो?"

वकीलबाईनं पेनाला टोपण लावलं. मी भाऊंची पिशवी उचलली, दावा तिथेच राहिला.

मुदत गेली तेव्हा भाऊ खाटेवर होते. मुदत गेली हे त्यांना कळलं नाही, तेवढंच बरं. पोळ्याच्या आधी गेले. त्यांची लेक आली, तेरवी करून घराला कुलूप लावून गेली.

आता माझंच ऐक. माझीही साखर वाढली आहे. परवा त्याच डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि मी ती त्याच दुकानातून आणली. आमच्या बाजूला दुसरं मेडिकल नाही. बिल दे म्हणून अगदी ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "काकू, तब्येत बरी आहे ना?" मी "बरी आहे रे" म्हणून घरी आले.

गोळ्यांची पट्टी फळीवर आहे, अजून फोडली नाही. मागे बारीक इंग्रजी छापलं आहे, मला ते येत नाही. माझ्या किडनीचा रिपोर्ट शेजारीच काढून ठेवला आहे. दोन्ही एकदा वाचून दे. या रविवारी येजो. गोळी किती दिवस थांबवायची, तेही मला कोणी सांगितलेलं नाही.