बोअरबंदीच्या गावातलं पुंजारामचं बोअर

तुमच्या घरातलं सगळ्यात सरळ माणूस उद्या चोरासारखं वागायला लागलं, तर तुम्ही आधी काय कराल? शिव्या द्याल. नाही कशाला म्हणता? लंकाबाईनं पण दिल्या.

पाथर्डीकडचं कोरडं गाव. ग्रामसभेनं ठराव केलेला, की शिवारात बोअर घ्यायचं नाही, विहिरींचं पाणी सगळ्यांचं. तो ठराव ज्यानं करायला लावला तो पुंजाराम, लंकाबाईचा नवरा. गावातल्याच कल्याणनं कांद्यासाठी चोरून बोअरची गाडी आणली, तेव्हा हाच माणूस रस्त्यात आडवा झोपला होता. गाडी मागं गेली, कल्याणचा कांदा उभा जळाला. तरी पाणी समितीवर पुंजारामतात्याच पाहिजे, असं गाव म्हणायचं. त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनावर लंकाबाई ताठ मानेनं चालायची.

मग त्याचा उजवा हात कापायला लागला. चहाची बशी धरवेना. नगरच्या एका दवाखान्यात कंपवात निघाला, गोळी सुरू झाली. हात बराच थांबला. लंकाबाईनं देवाला नारळ फोडला.

उन्हाळ्यात सगळं गाव एका लग्नाला गेलं, पुंजाराम तेवढा घरी राहिला. गुडघे धरले म्हणून लंकाबाई अर्ध्यातून परतली, तर स्वतःच्याच रानातून पांढऱ्या धुळीचा लोट उठलेला. तिला वाटलं, आग लागली. पळत गेली. बोअरची गाडी घरघरत होती आणि शेजारी धुळीनं माखलेला पुंजाराम लहान पोरासारखा हसत उभा. मूठभर चिखल पुढं करून म्हणाला, "लंके, ओल लागली बघ! आता लागतंयच पानी!"

तिनं आजूबाजूला बघितलं. बांधापलीकडं आणखी दोन भोकं होती, वर फरशी ठेवून झाकलेली. दोन्ही कोरडी.

"अहो, तुमी? तुमी?" तिच्या तोंडून दुसरा शब्दच फुटेना. फुटले तेव्हा मग सगळेच फुटले. ढोंगी म्हणाली, गावाच्या नरड्यावर पाय देणारा म्हणाली. तिसरंही कोरडंच निघालं, तेव्हा पुंजारामनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा बोअर नाही. आठवडाही झाला नाही, जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या नारळ घेऊन परत रानात हजर!

गावाला कळायचं राहतं का? कल्याण पारावरून ओरडला, "तात्या, आता कोन झोपायचं गाडीपुढं? का मी येऊ?" हशा पिकला. पुंजारामला समितीवरून काढण्यासाठी ग्रामसभा लागली.

त्याआधी तपासणीला नगरला जायचं होतं. तिथं नव्या डॉक्टरीण बसल्या होत्या. हात कसा आहे, एवढंच त्यांनी विचारलं, आणि लंकाबाईचा बांध फुटला. "हात झाला बरा, मानूस गेला माझा वाया!" तिनं सगळं ओकलं.

डॉक्टरीण लिहायच्या थांबल्या. "हे गोळीनंतर सुरू झालं का?"

लंकाबाईनं आठवलं. व्हय, नंतरच.

"बाई, मेंदू हिशेब करत असतो," डॉक्टरीण म्हणाल्या. "वाटलं त्यापेक्षा चांगलं मिळालं की त्यातलं एक रसायन उसळतं, पुन्हा कर म्हणतं. वाईट मिळालं की ते उतरतं, आणि त्या उतरण्यानं माणूस शिकतो, इथं पुन्हा नको. या आजारात तेच रसायन कमी पडतं. गोळी त्याची जागा घेते. पण काहीजणांत ती त्याला उतरूच देत नाही. ओल दिसली की मन उसळतं, कोरडं निघालेलं मात्र मनाला पोचतच नाही. कुणी जुगार खेळतं, कुणी खरेदी करत सुटतं. यांनी भोकं पाडली."

पुंजाराम खुर्चीत पुढं सरकला. "पन डॉक्टर, मला कुनी ढकलत न्हवतं. मीच ठरवत हुतो. माझंच मन हुतं ते!"

"तसंच वाटतं," त्या म्हणाल्या.

लंकाबाई खुर्चीवरून उठली. "आन हे गोळी देताना सांगायचं न्हाई? एवढी मोठी गोष्ट?"

"सांगायला हवं होतं. आधीच्या डॉक्टरांकडून राहून गेलं." डॉक्टरीण खाली बघत म्हणाल्या.

राहून गेलं! एका माणसाची अब्रू गेली, आणि यांचं सांगायचं राहून गेलं!

गोळी हळूहळू कमी करत बदलली. बोअरची ओढ कशी गेली ते पुंजारामलाही कळलं नाही. एके सकाळी उठला आणि त्या भोकांकडं बघून त्यालाच दरदरून घाम फुटला. हात मात्र पुन्हा कापायला लागला.

ग्रामसभेत तो उभा राहिला. "गोळीचं जे हाय ते डॉक्टरनं सांगितलंय. पन भोकं माझ्या रानात हायत. ठराव मला बी लागू."

"मग आमी पन गोळ्या खातो तात्या, आन पाडतो भोकं!" कल्याण म्हणाला. पुन्हा हशा.

लंकाबाई ग्रामसभेत कधी बोलली नव्हती. ती उठली, नवऱ्याचा थरथरता हात मनगटाला धरून तिनं वर केला. "खा की कल्याणभाऊ. पन त्याआधी हे घ्या अंगावर. घेता का?"

कुणी हसलं नाही. कल्याणनं मान फिरवली. तरी काढायच्या बाजूनं हात वर झाले आणि पुंजारामचं समितीवरचं नाव गेलं. गावानं ऐकलं सगळं, विश्वास थोड्यांनीच ठेवला. तो घरी येऊन म्हणाला, "बराबर केलं त्यांनी." लंकाबाईला हे पटलेलं नाही, कधी पटणारही नाही.

म्हणून हात जोडून नाही, दरडावून सांगणं आहे: घरात कुणाला कंपवाताची गोळी चालू असेल आणि माणूस अचानक बदलला असेल, तर त्याला चोर ठरवू नका, आणि गोळीही आपल्या मनानं बंद करू नका, त्यानं जिवावर बेततं. उद्याच डॉक्टरपुढं बसा आणि विचारा, हे गोळीनं झालंय का? उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.