शनिवारचा पोटाचा वर्ग

"हातात आलं पाहिजे, मामा. नुसतं डोळ्यात राहून उपयोग नाही," असं म्हणत डॉक्टरांनी अर्धं लिंबू माझ्याकडं टाकलं.

दवाखान्याच्या मागच्या नळावर आम्ही दोघं हात घासत उभे होतो. डुकराच्या पोटाचा वास साबणानं जात नाही, लिंबानं जातो. दर शनिवारी वर्ग संपला की आमचं हे ठरलेलं. त्या शेवटच्या शनिवारीही तेच केलं. संध्याकाळच्या गाडीनं ते नाशिक सोडून जाणार होते, पण दोघांपैकी कुणी तो विषय काढला नाही. मी एवढंच म्हणालो, "नखात राहिलंय तुमच्या."

"राहू द्या," ते म्हणाले.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यात डुकराचं पोट कशाला? सांगतो. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळं मला जसं कळलं तसंच सांगणार.

ते पोटाचे डॉक्टर. तोंडातून लांब काळी नळी आत घालून पोट बघायचे. तिला आम्ही दुर्बीण म्हणायचो. मी त्या खोलीतला वॉर्डबॉय. पेशंटचं डोकं धरायचं, "गिळा, श्वास घ्या, झालं झालं" म्हणायचं आणि नंतर दुर्बीण धुवायची, हे माझं काम. तिथं सगळे मला मामाच म्हणत.

पण पाटीवर "पोटाचे तज्ज्ञ" असं लिहायची त्यांना सोय नव्हती. मोठी डॉक्टरकी झाल्यावर पोटासाठी म्हणे आणखी एक डिग्री असते, आणि तिच्या जागा साऱ्या राज्यात बोटावर मोजण्याइतक्या. त्यांनी ती परीक्षा कितीदा दिली ते त्यांनाच ठाऊक. निकाल आला की खोलीत येऊन म्हणायचे, "नापास नाही झालो, मामा. जागा संपल्या." दवाखान्यात खाटा संपतात ते मला माहीत होतं. शिकायच्या जागा संपतात हे तिथं कळलं.

मग ते सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मुंबईला जायचे. तिथल्या एका बड्या साहेबांच्या मागं उभं राहून शिकायचे. ही गोष्ट नव्वदच्या पुढच्या सालांतली. तेव्हाच्या दुर्बिणीला बघायला एकच भोक. ज्याच्या हातात दुर्बीण, त्यालाच आतलं दिसायचं. बाकीचे मागं ताटकळत.

"दोन वर्षं मी पोट बघायला गेलो आणि साहेबांची मान बघून आलो," ते सांगायचे. "मानेवर तीळ कुठंय तो डोळे मिटून दाखवीन."

एक दिवस साहेबांनी मागं न बघताच नळी पुढं केली. "धर." त्या एका शब्दावर ते नाशिकला परत येईपर्यंत जागे होते म्हणे. तेव्हापासून त्यांचं ते "हातात आलं पाहिजे" सुरू झालं. मनगट सारखं फिरवायचे, हवेतच, दुर्बीण धरल्यासारखं. कॅन्टीनवाल्याला वाटायचं बोलावतायत, तो आणखी एक चहा आणून ठेवायचा. डॉक्टर तोही पिऊन टाकायचे.

आपल्यासारखं दुसऱ्यांना ताटकळावं लागू नये म्हणून त्यांनी शनिवारी दुपारी वर्ग सुरू केला. फुकट. इगतपुरीचे, नांदगावचे डॉक्टर यायचे, कॉलेजची पोरं यायची. जिवंत माणसावर शिकाऊ हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मग हात चालवायचा कशावर? त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं की डुकराचं पोट माणसाच्या पोटासारखं असतं.

"मामा, शनिवारसाठी सांगून ठेवा. डुकराचं पोट पाहिजे."

मी हो म्हणालो आणि आणलं बोकडाचं. डुकराला मी शिवणार नव्हतो, आणि पोट ते पोट, असा माझा हिशेब. इगतपुरीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. घालतायत, वळवतायत, घाम फुटला बिचाऱ्यांना.

"सर, मी कुठं आहे?"

डॉक्टरांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही बोकडात आहात." सगळी खोली हसली. "अहो मामा, ह्याला चार कप्पे असतात! माणसाला एकच असतो, तोच ह्यांना सापडत नाही."

वजडी वाया गेली याचं मला जास्त वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात मी गावाबाहेरच्या डुकरं पाळणाऱ्याकडं गेलो. घरी येऊन अंघोळ केली. कुठून आलात म्हणून विचारायला घरात कुणी नव्हतं.

आता तेही सांगितलं पाहिजे. डॉक्टर आमच्या दवाखान्यात यायच्या आदल्या साली माझी बायको गेली. घास अडकतो म्हणायची. आधी भाकरी अडकायची, मग भात, शेवटी पेजसुद्धा. एकानं गुलाबी औषध दिलं, दुसऱ्यानं गोळ्या दिल्या. पित्त आहे, तिखट खाऊ नका. ती बिचारी तिखट खातच नव्हती. अशात महिने गेले. शेवटी मुंबईला नळी घातली तर तिथले म्हणाले, अन्ननळीचा कॅन्सर आहे, आधी का नाही आणलंत? नाशकात तेव्हा नळी घालणारे एखाद-दुसरे असतीलही. पण हिला तिकडं पाठवावं, हे कुणाला सुचायला नको? सुचायला आधी कुणी शिकवायला नको?

हे सगळं मी एकदा दुर्बीण धुताना डॉक्टरांना सांगितलं. त्या शनिवारी वर्गात त्यांनी सुरुवातच केली, "एक बाई आहे. पंचेचाळिशीची. भाकरी अडकते म्हणते. तुम्ही काय कराल?" पोरं म्हणाली, गोळी देऊ. डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "गोळी लिहायची नाही! आधी आत बघायचं. स्वतःला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडं त्याच दिवशी पाठवायचं."

मी खोलीबाहेर गेलो. डोकं फिरलं होतं माझं. संध्याकाळी नळावर विचारलं, "माझ्या बायकोचा वर्ग घेता काय?"

ते लिंबू घासायचे थांबले. "चुकलं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. बंद करू?"

मी नळ बंद केला. मग म्हणालो, "करू नका. पण भाकरी बाजरीची होती, तेवढं सांगा."

पुढच्या खेपेपासून ते बाजरीची म्हणायला लागले. नवीन तुकडी आली की ती बाई यायची आणि मी दाराशी उभा राहून ऐकायचो. वर्षं गेली तरी तिचं वय पंचेचाळीसच राहिलं.

दोन हजारच्या पुढं पडद्याची दुर्बीण आली. टीव्हीवर सगळ्यांना आतलं दिसायला लागलं. डॉक्टर लहान पोरासारखे खूश. "मामा, आता कुणाची मान बघायला नको!" नवी पेशंटसाठी आणि जुनी वर्गासाठी, अशी त्यांनी वाटणी केली. मला वाटलं, आता इथं खरंच शाळा होईल.

झालं उलटंच. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष एका शनिवारी खोलीत आले, नाकाला रुमाल लावून. "दवाखान्यात डुक्कर? लोक काय म्हणतील?"

"लोक बरे होतील, साहेब," डॉक्टर म्हणाले.

"आपल्याला दवाखाना चालवायचाय का कॉलेज?"

"शिकवलं नाही तर पुढं दवाखाना चालवणार कोण?"

"शिकवून तुम्हाला काय मिळतं ते सांगा."

"दुसरा डॉक्टर मिळतो."

"हो, आणि तो उद्या आपल्याच समोर पाटी लावतो!"

तेव्हा मला कळलं, दुखणं डुकराचं नव्हतंच. वास तर लिंबानं गेला असता.

सांगा तुम्हीच. दवाखान्याच्या कमानीवर अध्यक्षांच्या वडलांचं नाव घालायला संगमरवर आला, वाजतगाजत आला. एका खोलीत चार माणसांनी आठवड्यातून एकदा शिकावं, तर ती खोली अडचणीची. मी तोंडावर बोललो असतो, डॉक्टरांनी माझा दंड धरला. नंतर म्हणाले, "तुमची नोकरी जाईल, मामा. वर्गही जाईलच." मग ते वर्गासाठी जागा शोधत वर्षभर शहरात हिंडले. या दवाखान्यात, त्या दवाखान्यात. सगळे म्हणायचे, पेशंट बघायला या ना, स्वागत आहे. वर्गाचं नाव काढलं की चहा यायचा आणि विषय बदलायचा. इकडं अध्यक्षांनी वर्ग बंद करायची तारीख ठरवून दिली.

तेवढ्यात दक्षिणेकडच्या एका मोठ्या दवाखान्यानं त्यांना बोलावलं. पेशंट बघा आणि शिकवा, आमची ना नाही, म्हणाले. मी फटकन बोललो, "जा. सगळे जातात. तुम्ही कशाला राहता?"

त्यांना लागलं ते. "इथं राहिलो तर मी एकटाच शिकलेला राहीन, मामा. आणि माझ्याबरोबर ते सगळं संपेल. तिथून निदान पाच-दहा जण तरी तयार होतील."

"आणि त्यातले नाशकात किती येतील?"

त्यांनी नुसतं मनगट फिरवलं, हवेतच.

त्या शेवटच्या शनिवारी लिंबानं हात घासून झाल्यावर त्यांनी नव्या जागेचा फोन नंबर माझ्याकडून पाठ करून घेतला. लिहून दिलेलं मी हरवतो, हे त्यांना माहीत होतं. स्टेशनवर मी गेलो नाही. मला असलं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. खोली बंद होती, तरी मी सकाळी जाऊन दाराबाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं सुरगाण्याकडच्या सरकारी दवाखान्यातली एक डॉक्टर मुलगी आली, एसटीच्या धुळीनं केस पांढरे झालेले. शनिवारी वर्गाला निघणार तोच तिच्याकडं बाळंतपणाची बाई आली होती, म्हणून यायचं राहिलं.

"मामा, पुढचा वर्ग कधी?"

"नाही आता. बंद झाला. डॉक्टर गेले."

ती माझ्या शेजारी बसली. "माझ्याकडं पेशंट येतात, मी नाशिकची चिठ्ठी देते. ते चिठ्ठी घेतात आणि घरी जातात. येतच नाहीत इकडं. मला शिकायचंय. सर कुठं गेले?"

नंबर माझ्या ओठावर होता. पण मी म्हणालो, "आधी एक सांगा. शिकून परत इकडं येणार का?"

असं विचारायचा मला काय अधिकार? पण विचारलं. हो म्हणायला काय लागतं? कुणीही म्हणेल.

"खरं सांगू, मामा? आत्ता नाही सांगता येत. यावंसं वाटतंय. पण नक्की सांगता येत नाही."

पटकन हो म्हणाली असती तर मी नंबर माहीत नाही म्हणून सांगणार होतो. मी तिला नंबर सांगितला. सावकाश, एकेक आकडा, आणि तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.