कार्डावर वाढलेली ओळ

पनवेलच्या एका खासगी रुग्णालयाने गव्हाणच्या एका कोळी बाईला फसवले, आणि माझ्या पोलीस ठाण्याने लिहिलेले एक वाक्य त्यांच्या कामी आले. ती घटना आजही आठवते आणि माझे डोके फिरते.

तिच्या नवऱ्याला हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरने वेदनाशामकही दिले. अशा वेळी रक्त वरचेवर तपासावे लागते. ते कोणी सांगितले नाही. हिरड्यांतून रक्त आले तेव्हा रुग्णालयातून फोनवर उत्तर मिळाले, "गोळ्या चालू ठेवा." चौथ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला.

आम्ही अकस्मात मृत्यू नोंदवला. प्रेत लवकर ताब्यात मिळावे म्हणून हवालदाराने बाईच्या जबाबात नेहमीची ओळ घातली: 'मरणाबाबत कोणावर संशय अगर तक्रार नाही.' अशी ओळ आम्ही सर्रास घालायचो. खाली मीही सही केली.

महिन्याने एका औषध दुकानदाराने मला गाठले. बाई गोळ्या मागवताना त्याला रुग्णालयाच्या औषधांच्या कार्डाचा फोटो पाठवायची; नवरा जाण्याआधीचा तो फोटो त्याच्याकडे होता. मूळ कार्ड शेवटच्या भरतीत रुग्णालयाने ठेवून घेतले होते. मी ते मागवले. त्यावर फोटोत नसलेली एक ओळ जास्त होती: 'दर आठवड्याला रक्त तपासणी करावी.'

मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड क्लार्कला समोर बसवले आणि गप्प राहिलो. मासळी बाजारात वाढलेल्या माणसाला ठाऊक असते, जो आधी बोलतो तो आपलाच भाव पाडतो.

"साहेब, मला सांगितलं तेवढंच मी लिहिलं."

"कधी?"

"पेशंट गेल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं. माझी नोकरी जाईल हो!"

डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी सरकारी डॉक्टरांच्या समितीचे मत लागते. कागद पाठवले. बाईने विचारले, "सायेब, गिऱ्हाइक कोर्टात जाव का?" मी खेकसलो, "थांब, आधी माझा तपास होऊ दे." मला माझ्या केसची घमेंड होती.

क्लार्क आपल्या बोलण्यावरून फिरला. रुग्णालयाच्या वकिलाने समितीपुढे बाईचाच जबाब ठेवला. गंभीर निष्काळजीपणा दिसत नाही, असे मत आले, तोवर ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत उलटली होती. तिचा उशीर माफ करण्याचा अर्जही आयोगाने फेटाळला.

ती ठाण्यात आली. "तक्रार नाय असा मी कवा बोलले, सायेब? तुमच्या मानसानं लिवला. मना वाचून पन नाय दावला."



पोलिसाचा तपास आणि ग्राहक आयोगातला दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत, एकीसाठी दुसरी अडवू नये, हे मी तिचे नुकसान करून शिकलो. तिच्या तोंडी घातलेल्या ओळीचा जाब मी इथे देतो आहे. माणूस मेल्यावर कार्डावर ओळ वाढवणाऱ्या डॉक्टरा, तुझा जाब कुठे आहे?